शेरा लिहा, पण दाखवा तरी

धाकटा भाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करतात तिथं, सुपरवायझर आहे. एप्रिलच्या अप्रायझलमध्ये त्याला सगळ्यात खालचा ग्रेड मिळाला आणि इन्क्रिमेंट गेलं. कारण एकच, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पीस, वाढलं. "ताई, गेल्या पावसाळ्यात वाळूच ओली येत हुती. पीस फोडला की आत ब्लो होल, वायूची पोकळी. त्याला मी काय करणार?" हे त्यानं मला स्टुटगार्टला फोन करून सांगितलं, कारण कंपनीत सांगायला जागाच नव्हती. फॉर्मवर काय लिहिलंय तेही त्याला दाखवलं नाही.

दिवाळीत घरी यावरून चांगलाच वाद झाला. उद्यमनगरात वर्कशॉप चालवणारे मामा म्हणाले, मार्क नाही दिले तर राबणारा आणि टंगळमंगळ करणारा एकाच पगारावर राहतो. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणाला, बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालचा ग्रेड द्यायचाच हा नियम, आधी बंद करा, मायक्रोसॉफ्टनंसुद्धा 2013 मध्ये सोडला. मला दोघांचंही पटतं. कामाचं माप हवंच, आणि अख्खी टीम चांगली असताना कुणाला तरी तळाला ढकलणं अन्यायच आहे. पण ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याचं म्हणणं कुठं लिहायचं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

जर्मनीत 1972 च्या कायद्यानं कर्मचाऱ्याला स्वतःची फाईल बघता येते, मूल्यमापनावर साहेबांशी चर्चा मागता येते, सोबत कामगारांनी निवडलेल्या समितीतला माणूस नेता येतो. पहिल्याच वर्षी माझ्या शेऱ्यात 'मुदत पाळत नाही' असं आलं. ड्रॉइंगच मला तीन आठवडे उशिरा मिळालं होतं. मी अर्धं पान उत्तर लिहिलं, ते फाईलला जोडलं गेलं. ग्रेड बदलला नाही. पण पुढच्या साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि पहिल्याच भेटीत ड्रॉइंगबद्दल विचारलं.

हे काही परदेशी खूळ नाही. देव दत्त खटल्यात 2008 साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे, चांगली असली तरी. मग तहसील कचेरीतल्या कारकुनाला जे मिळतं, ते भट्टीपाशी उभ्या माणसाला का नको?

वाळूचा ओलावा रोज तपासून रजिस्टरला लिहितात. जुलै-ऑगस्टच्या त्या पानांची प्रत काढायला मी भावाला सांगितलंय. मागितलं नसलं तरी तो उत्तर लिहून देणार आहे, आणि पोच घेणार आहे.