काचेच्या कचेरीला वर्तमानपत्राचे पडदे

मे महिन्यात फेरफारच्या कामासाठी आमच्या तालुक्याच्या नव्या कचेरीत जावं लागलं. समोरून सगळी निळी काच, बाजूनं एसीपीचे (ॲल्युमिनियम चढवलेले) चकचकीत पत्रे. दुपारी अडीचला आत शिरलो तर पश्चिमेच्या अख्ख्या काचेवर आतून वर्तमानपत्रं डकवलेली. ऊन सोसवत नाही म्हणून. त्यामुळे आत अंधार, अंधार म्हणून भर दुपारी सगळ्या ट्यूब चालू, आणि साहेबांच्या केबिनमधला एसी १८ वर.

मी इलेक्ट्रिकची ठेकेदारी करतो, त्यामुळे नंबर येईपर्यंत पंखे मोजत बसलो. एका हॉलमध्ये ३२, सगळे जुन्या मोटरचे, ७५ वॅटवाले. बीएलडीसी, म्हणजे नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३०-३५ वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. म्हणजे आठ तासांत दहा युनिटं नुसती गरम व्हायला गेली, तीही एकाच हॉलची. (केबिनच्या एसीवर बोलत नाही, माझं काम अजून व्हायचंय.)

नियम नाहीत असं नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, २००७ साली आली, २०१७ मध्ये सुधारली. भिंतीत काच किती, तिच्यातून ऊन किती आत येणार, छताला उष्णता अडवणारा थर कसा, सगळं त्यात आहे. पण ती लागू होते १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीच्या पुढे. तालुक्याच्या कचेऱ्या, आरोग्य केंद्रं, शाळा त्याच्या खालीच राहतात. गावात सरकारी म्हणून ज्या इमारती आपण बघतो, त्या बहुतेक याच.

आणि खरी गोम पैशाच्या हेडमध्ये, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यात आहे. इमारत बांधली जाते एका हेडमधून, वीजबिल जातं दुसऱ्याच हेडमधून. पंख्यामागे हजार-दीड हजार वाचवणाऱ्याचं अंदाजपत्रक आटोपशीर दिसतं. पुढची पंचवीस वर्षं बिल भरणारा माणूस टेंडर काढताना खोलीतही नसतो.

दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ ला सुरू झालं. छतावर ९३० किलोवॅटचं सोलर, वर्षाला लागेल तेवढी वीज जागेवरच तयार व्हावी असा आराखडा. पण मला त्यात सोलरपेक्षा भावतं ते मधलं मोकळं अंगण आणि हवा खेळती राहील अशी मांडणी. यात काही परदेशी ज्ञान नाही. कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच, दिल्लीकडे पैसा आहे. मग आमच्याच आवारातली जुनी कचेरी बघा. दोन फुटी दगडी भिंती, कौलं, चारी बाजूंनी पडवी. आता तिथं जुनं दफ्तर ठेवलंय. आणि नव्या इमारतीतली मंडळी दुपारचा डबा खायला त्याच पडवीत जाऊन बसतात!

फ्रिज घेताना आपण तारे बघतो. ते तारे देणाऱ्या बीईईनं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं, ऑफिस इमारतींसाठीही २००९ पासून तारे ठेवलेत. ते नकाशावर मिळत नाहीत, वर्षभर प्रत्यक्ष जळालेल्या विजेला चौरस मीटरनं भागून मिळतात. पण ते ऐच्छिक. सरकारी इमारतींना सक्तीचे करा, लहानमोठ्या सगळ्या, आणि आकडा दारात लावा, उद्घाटनाच्या कोनशिलेशेजारी.

तूर्त मी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, जुन्या आणि नव्या इमारतीच्या बिलांसाठी. मिळाली की इथंच टाकतो.