टेस्ट तिची आधी झाली म्हणून दोष पण तिचाच?

गरोदर बाई दवाखान्यात नाव नोंदवायला गेली की तिचं रक्त घेतात, त्यात एचआयव्हीची टेस्ट पण असते. ती व्हायलाच पाहिजे. काहीच उपचार नाही केले तर आईकडून बाळाला लागण व्हायचा धोका 15 ते 45 टक्के असतो आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर तो 5 टक्क्यांच्या खाली आणता येतो. पण यात होतं काय, घरातली पहिली टेस्ट तिची होते, म्हणून पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट पण तिचाच निघतो आणि सासरचे लगेच ठरवून टाकतात की हा आजार हिनेच आणला. पांढऱ्या पायाची. नवऱ्याला टेस्टला बोलवलं की तो आज शेतात, उद्या गाडीवर, परवा लग्नाला.

मी समुपदेशनाचं काम करायची तेव्हा बायका रिपोर्ट ऐकून आजाराबद्दल आधी विचारायच्याच नाहीत. पहिलं वाक्य असायचं, "माले घरमाईन काढी देतीन माय." मरणाच्या आधी घराबाहेर काढलं जायची भीती. ज्या बाईला ही भीती आहे ती टेस्टला स्वतःहून येईल का, आणि आली तरी गोळ्या घरी कुठे ठेवेल? तांदळाच्या डब्यात, पिशवीच्या अस्तरात, कुणी शेजारणीकडे. एक जरी दिवस घर भरलेलं असलं, पाहुणे असले की गोळी राहून जाते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या याच गोळ्या, रोज न चुकता घेतली, रक्तातला व्हायरस सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला तर जोडीदाराला संबंधातून लागणच होत नाही, हे आता जगभर मान्य आहे. म्हणजे घरातला मार बंद होणं हा पण प्रतिबंधच आहे ना. पण आपल्याकडे ही दोन वेगळी खाती, मारहाण झाली तर पोलीस बघतील आणि एचआयव्ही असला तर सिव्हिल बघेल.

आणि हे काही नवीन कळलेलं नाही. डॉ. रमण गंगाखेडकर, ज्यांना कोरोनात आपण रोज टीव्हीवर बघायचो, त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पुण्यातला अभ्यास 1997 सालीच छापून आला होता. गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये आलेल्या, देहविक्रीच्या धंद्याशी काही संबंध नसलेल्या 391 बायका, त्यातल्या 13.6 टक्के पॉझिटिव्ह, आणि या 391 मधल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच पुरुष, स्वतःचा नवरा. तरी अजून आपण पोस्टरवर लिहितो "जोडीदाराशी एकनिष्ठ रहा". अरे ती एकनिष्ठच होती की! हे पोस्टर तिला कशाला दाखवता?

कंडोमचं पण तेच. आपल्या खानदेशातल्या धुळे, नंदुरबार, जळगाव या तीन जिल्ह्यांतून माणसं किती बाहेर जातात बघा, आग्रा रोडवरचे आणि सुरत-नागपूर हायवेवरचे ड्रायव्हर, नंदुरबारकडून गुजरातला ऊस तोडायला आणि बांधकामावर जाणारी कुटुंबं, सुरतेला कामाला गेलेली एकटी पोरं. बाहेर गेलेला प्रत्येक माणूस वाईट वागतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण सहा महिन्यांनी घरी आलेल्या नवऱ्याला बायको म्हणू शकते का, की आधी टेस्ट करून या, नाहीतर हे वापरा? म्हटलं की प्रश्न येतो, "तू कुणाकडे गेली होतीस?" आणि त्यावर मार. त्यात तो पिऊन आलेला असला की नाही म्हणायची सोयच नाही. जबरदस्तीत आत जखमा होतात, त्यातून लागण सोपी होते, आणि आपला कायदा अजून सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सांगितलंय की काही भागांत नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा मार, जबरदस्ती सोसणाऱ्या बायकांना एचआयव्ही व्हायची शक्यता दीडपट असते.

आता धुळ्याचं सांगते, मला फार लागतं हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून जास्त मुलींचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं. सोळा वर्षांची पोर, शाळा सुटलेली, नवरा आठ-दहा वर्षांनी मोठा, घरात तिला भाजी कुठली करायची हे पण विचारत नाहीत आणि आपण म्हणतो तिने सुरक्षित संबंधांचा आग्रह धरावा!

कायदा बरा आहे खरंतर, पण माहीत कुणाला आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यात पॉझिटिव्ह व्यक्तीला राहत्या घरातून काढता येत नाही असं स्पष्ट आहे. नवऱ्याला सांगितल्यावर बाईला मारहाण होईल, तिला टाकून देतील अशी खरी भीती असेल तर डॉक्टरने त्याला परस्पर सांगायचं नाही, हे पण त्यात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की रिपोर्टमुळे बाई मार खाते. गावात मात्र नवरा गेला की दीर-सासरे विधवेला दोन पोरांसकट माहेरी पाठवतात, सातबाऱ्यावर नाव लावू देत नाहीत, आणि माहेरचे ताट-वाटी वेगळी करतात.

अजून एक, हे प्रत्येक आईने लक्षात ठेवा. बलात्कार झाला तर 72 तासांच्या आत, खरंतर जितक्या लवकर तितकं चांगलं, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करता येतात, 28 दिवस घ्यायच्या असतात. सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही दवाखान्याने अशा मुलीवर फुकट उपचार करायलाच पाहिजेत. पण आपल्याकडे पहिले तीन दिवस "बोभाटा नको, पोरीचं लग्न कसं होईल" यातच जातात, आणि ती वेळ परत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की नाव नोंदणीच्या दिवशीच नवऱ्याला पण खुर्चीत बसवा, दोघांना नीट समजावून दोघांच्या मर्जीने दोघांचं रक्त एकत्र घ्या. आशाताईंवर सगळं टाकू नका, सरपंच, पोलीस पाटील, मंडळाची पोरं यांनी पुरुषांना सांगावं. बाप होणार म्हणून पेढे वाटतोस ना भाऊ, मग बाह्या वर कर आणि टेस्ट दे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. जो नवरा स्वतःहून आला त्याच्या बायकोच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलेलं मी बघितलंय.

एचआयव्हीची माहिती हवी असेल तर 1097, घरात मार असेल तर 181, दोन्ही फोन फुकट. मला इनबॉक्सला लिहिलं तरी चालेल. फक्त कमेंटमध्ये कुणाचं नाव, गाव टाकू नका प्लीज.