तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षे जागच्या जागी फिरते आहे का?

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याचा सारांश असा : विज्ञानाने चारशे वर्षांत दुर्बिणीपासून चंद्रापर्यंत मजल मारली, तत्त्वज्ञान मात्र अडीच हजार वर्षे तेच प्रश्न चघळत बसले आहे. त्याने एकही प्रश्न सोडवलेला नाही. त्यातल्या मंडळींचे आपसांत एकमत होत नाही. विज्ञान विटेवर वीट रचत वर चढते, तर तत्त्वज्ञान अजून प्लेटोच वाचते. आणि शास्त्रज्ञांना आता त्याची गरज उरलेली नाही. या दाव्याला हसून सोडून देण्यात अर्थ नाही, कारण त्यात थोडे खरेही आहे. मात्र त्यातली विधाने एकेक करून हातात घेतली, तर जसेच्या तसे उभे राहील असे त्यांत एकही नाही.

मराठीत या दाव्याला एक आयती मदतही मिळते. "उगाच तत्त्वज्ञान झाडू नकोस" असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात निरुपयोगी उपदेश असतो. रिक्षाच्या पाठीवरच्या सुविचारापासून निवृत्तीनंतरच्या चिंतनापर्यंत सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. येथे तो शब्द त्या अर्थाने घेतलेला नाही. आपण वापरतो त्या कल्पनांचा अर्थ काय आणि आपले युक्तिवाद खरोखर कशावर उभे आहेत, याची शिस्तबद्ध चिकित्सा एवढाच त्याचा अर्थ घेतला आहे.

पहिले विधान : एकही प्रश्न सुटलेला नाही. यात हिशेबाची चूक आहे. एखाद्या प्रश्नावर काम करण्याची पक्की पद्धत सापडली की तो प्रश्न तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडतो आणि वेगळी चूल मांडतो. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' हे शब्द आहेत; इंग्रजीत शास्त्रज्ञ या अर्थाचा आजचा शब्द विल्यम ह्यूएल यांनी घडवला तो त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. मानसशास्त्राने आपली प्रयोगशाळा लाइपझिगला उघडली ती १८७९ साली. वेगळे निघालेल्यांची सगळी कमाई त्यांच्या नावे लिहायची, मूळ घरात जे उरले तेवढेच म्हाताऱ्याच्या खात्यावर मांडायचे आणि मग म्हाताऱ्याने काही कमावलेच नाही असे म्हणायचे, असा हा हिशेब आहे.

तर्कशास्त्राचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. ॲरिस्टॉटलनंतर तर्कशास्त्राला एकही पाऊल पुढे टाकता आलेले नाही आणि ते पूर्ण झाल्यासारखे दिसते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८७ साली लिहिले. त्याला शंभर वर्षे होण्याच्या आतच, १८७९ मध्ये, गॉटलोब फ्रेगे यांनी 'सर्व' आणि 'काही' या शब्दांचे तर्कशास्त्र मुळापासून नव्याने बांधले. पुढे या तर्कशास्त्राच्या पायावर अंकगणित उभारणारा ग्रंथ त्यांनी लिहायला घेतला. जून १९०२ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी फ्रेगे यांना पत्र पाठवून त्या ग्रंथाच्या पायातच विसंगती असल्याचे दाखवून दिले. त्याचा दुसरा खंड तेव्हा छपाईत होता आणि फ्रेगे यांनी त्याला पुरवणी जोडून ती चूक मान्य केली. पायाच ढासळल्यामुळे गणितात नेमके काय सिद्ध करता येते हा प्रश्न टोकदार झाला. १९२८ मध्ये हिल्बर्ट आणि आकरमान या गणितज्ञांनी विचारले, की एखादे विधान तर्काने सिद्ध होते की नाही हे यांत्रिक रीतीने ठरवता येईल का? आता 'यांत्रिक रीत' म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देताच येत नाही. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी ते सांगितले, आणि त्यासाठी त्यांनी यंत्राकडे न पाहता हिशेब करणाऱ्या माणसाकडे पाहिले. लहान मुलाच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद, एका वेळी नजरेत मावतील तेवढीच चिन्हे आणि मनाच्या मोजक्या अवस्था : एवढ्यावर माणसाचे आकडेमोड करणे पूर्णपणे उतरवता येते असा त्यांचा युक्तिवाद होता. तो एका संकल्पनेचे विश्लेषण होता, म्हणजे तत्त्वज्ञाचे काम होते. त्यातून आलेल्या संगणनाच्या कल्पनेवर आजचे संगणकशास्त्र उभे आहे. तत्त्वज्ञान निरुपयोगी असल्याचा मजकूर ज्या फोनवरून पुढे ढकलला जातो, तो या वंशावळीत कोठे बसतो हे वेगळे सांगायला नको.

दुसरे विधान एकमताचे आहे, आणि येथे दाव्याला बरेच बळ आहे हे मान्य केले पाहिजे. व्यावसायिक तत्त्वज्ञांच्या २०२० च्या एका मोठ्या पाहणीत, कार्यकारणाने बांधलेल्या जगातही माणसाला इच्छास्वातंत्र्य असू शकते, या बाजूला सुमारे ५९ टक्के कौल होता. रसायनशास्त्रज्ञांपैकी ५९ टक्के अणू मानतात असे कोणी सांगितले तर आपण हबकून जाऊ. तरीही एकमत ही प्रगतीची एकच खूण आहे हे गृहीत धरण्यात चूक आहे. दुसरी खूण अशी, की पूर्वी सहज देता येणारी काही उत्तरे आता देता येत नाहीत.

ज्ञान म्हणजे काय, या जुन्या प्रश्नाचेच पाहा. खरी आणि सबळ कारण असलेली समजूत म्हणजे ज्ञान, हे उत्तर वरकरणी पुरेसे वाटते. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने मांडलेला प्रसंग असा आहे : कोणी मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, त्यातून धूर अजून निघालेला नाही, पण वासावर कीटकांचा काळा थवा जमला आहे. लांबून पाहणाऱ्याला तो थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, "तेथे विस्तव आहे." विस्तव आहेच, धूर तेथे अग्नी हे अनुमानही निर्दोष आहे, पण त्याला ते कळले असे आपण म्हणू का? १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने तीन पानांच्या लेखात याच जातीची दोन उदाहरणे देऊन ती व्याख्या मोडली. तिच्या जागी काय आणायचे यावर आजही वाद आहे, पण जुनी व्याख्या जशीच्या तशी घेऊन कोणी उभा राहिला तर त्याला आधी त्या थव्याचा हिशेब द्यावा लागतो.

(यावरून "आपल्याकडे हे आधीच ठाऊक होते" असा जुळा मजकूर लगेच निघू शकतो, म्हणून एक खुलासा. धर्मोत्तराला प्रमाणज्ञानाचे, म्हणजे भरवशाच्या ज्ञानाचे, स्वरूप ठरवायचे होते, तर गेटियर यांना एक विशिष्ट व्याख्या पाडायची होती; उदाहरणे सारखी असली तरी त्यांच्याकडून करून घेतलेली कामे वेगळी आहेत. सगळे पूर्वीच कळले होते आणि काहीच कधी कळले नाही, या दोन्ही म्हणण्यांत मधल्या शतकांतले काम सारखेच पुसले जाते.)

तिसरे विधान विटांचे. येथे विज्ञानाचेच चित्र चुकीचे रंगवले आहे. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिये यांनी न्यूटनला खोटे न ठरवता एक न दिसलेला ग्रह कल्पिला आणि तो कोठे असेल हे गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळला, तेव्हा याच ल व्हेरिये यांनी सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचे सुचवले. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. शतकाला सुमारे ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने उलगडला. तोच माणूस, तीच युक्ती : एकदा नवा ग्रह मिळाला आणि एकदा जुना सिद्धान्तच बदलावा लागला. येथे वीट विटेवर चढली नाही, खालची भिंतच नव्या नकाशात बसवून घ्यावी लागली.

मग निरीक्षण उलटे गेल्यावर सिद्धान्ताला ठिगळ लावणे कधी रास्त आणि कधी पळवाट? हा प्रश्न कोणत्याही दुर्बिणीतून सुटत नाही. जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने पुण्यात केलेली फलज्योतिषाची चाचणी आठवावी. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या दोनशे कुंडल्या गोळा केल्या होत्या. त्यांतल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाला देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणे उडवण्याइतकीच. या चाचणीचे खरे बळ गुणपत्रिकेच्या आधीच्या टप्प्यात होते : बरोबर कशाला म्हणायचे आणि किती बरोबर आले तर काय मानायचे, हे उत्तरे येण्यापूर्वी ठरलेले होते. "बुद्धी केवळ कुंडलीवरून ओळखायची नसते" असे ठिगळ नंतर कोणीही लावू शकतो. ल व्हेरिये यांचेही ठिगळच होते, पण दुर्बीण कोठे रोखायची हे त्याने सांगितले, आणि व्हल्कनच्या वेळी ते उघडउघड फसू शकले. हा भेद विसाव्या शतकात पॉपर आणि लाकाटोश यांनी नीट मांडला. ते दोघेही विज्ञानाचे तत्त्वज्ञ होते.

प्लेटो अजून वाचला जातो हे खरेच आहे. जुने युक्तिवाद वाचले नाहीत तर त्यांतल्या चुका नव्या नावाने पुन्हा होतात, एवढे त्याचे उत्तर पुरे.

शेवटचे विधान : शास्त्रज्ञांना तत्त्वज्ञानाची गरज नाही. पुंजयामिकीचे, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या भौतिकशास्त्राचे (क्वांटम मेकॅनिक्स), गणित १९२५-२६ मध्ये उभे राहिले आणि ते कमालीचे अचूक ठरले. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी विचारले, की हे गणित वास्तवाचे पूर्ण वर्णन करते का? त्यासाठी त्यांना 'वास्तवाचा घटक' कशाला म्हणायचे याचा निकषच आधी मांडावा लागला. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले, आणि पुढची तीस वर्षे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी हा प्रश्न "तत्त्वज्ञान आहे" म्हणून बाजूला ठेवला. गप्प बसा आणि गणित करा, अशी ती वृत्ती होती.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल गप्प बसले नाहीत. त्यांचेच नंतरचे उदाहरण घ्यायचे तर, त्यांचे सहकारी बर्टलमान दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालत. एक गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही हे पाहण्याआधीच कळते, आणि त्यात काही गूढ नाही, कारण रंग सकाळी घरीच ठरलेले असतात. एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कणांचे असेच असावे, ही आइन्स्टाइनची धारणा होती. १९६४ मध्ये बेल यांनी दाखवले, की उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि इकडच्या मोजणीचा तिकडे तत्काळ परिणाम होत नसेल, तर मोजणीतल्या जुळण्यांना एक मर्यादा पडते. नंतर प्रचलित झालेल्या या मर्यादेच्या रूपात ती संख्या २ आहे. पुंजयामिकी मात्र सुमारे २.८३ पर्यंत जाते. म्हणजे ज्याला निव्वळ तत्त्वज्ञान म्हटले होते त्याची परीक्षा आता प्रयोगशाळेत घेता येत होती. १९७२ मध्ये बर्कलीला फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी आणि १९८२ मध्ये ऑर्से येथे आस्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळाले.

या प्रयोगांनी मोज्यांची ती साधी समजूत बंद केली, पण तिच्यातले कोणते गृहीतक टाकायचे हे सांगितले नाही. उत्तरे आधी ठरलेली असतात हे सोडावे, की दूरचा परिणाम तत्काळ होत नाही हे सोडावे, यावर भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ आजही शेजारी बसून भांडतात. आकडेमोडीबद्दल कोणाचेच दुमत नाही. ती आकडेमोड जगाबद्दल काय सांगते हे समजून घेण्याचे काम अपुरे आहे.

तत्त्वज्ञान मेले आहे, असे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी म्लोडिनोव यांच्यासमवेत २०१० साली एका पुस्तकात लिहिले आणि तेच वाक्य या मजकुरांत वारंवार येते. त्याच पुस्तकात थोडी पाने पुढे गेल्यावर इटलीतल्या मोंझा शहराच्या एका नियमाची गोष्ट येते : गोल भांड्यात सोनमासा ठेवायचा नाही, कारण वक्र काचेतून त्याला जग वाकडे दिसते. त्यावर लेखक विचारतात, की आपल्याला दिसते तेच सरळ कशावरून, आणि त्या माशाने आपल्या वाकड्या जगाचे अचूक नियम शोधले तर ते आपल्या नियमांपेक्षा कमी खरे म्हणायचे का? पुढे ते वास्तवाबद्दलची स्वतःची एक भूमिका मांडतात, तिला नावही देतात आणि तिच्या बाजूने युक्तिवाद करतात.