गुडघ्यात बिजागरी का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कृत्रिम गुडघ्याने खऱ्या गुडघ्याची हुबेहूब नक्कल करावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पक्षी पाहून माणूस उडायला शिकला, पण विमान पंख फडफडवत नाही. मग जो गुडघा मुळात झिजतो, त्याचीच नक्कल कृत्रिम सांध्यात कशाला? एक भक्कम बिजागरी बसवा आणि मोकळे व्हा.

विमानाचा दाखला छान आहे, पण इथे लागू पडत नाही. विमानात पक्ष्याचा एकही स्नायू नसतो. गुडघ्यात मात्र आपण बदलतो ती फक्त हाडांची टोकं. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे), मांडीचे स्नायू, वाटीला धरून ठेवणारा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), सगळं त्या माणसाचंच राहतं. नव्या पृष्ठभागांनी वेगळी वाट धरली की एखादा बंध ताणला जातो, दुसरा सैल पडतो. आणि झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. तेवढ्यावरून हालचालीला दोष कसा द्यायचा?

बिजागरीही वापरून झाली आहे. 1950 च्या दशकात स्वीडनचे शल्यविशारद वाल्डियस यांनी तसे गुडघे बसवले. पण गुडघा नुसता वाकत नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात नडगी किंचित बाहेर वळते. ताठ बिजागरी हे वळणं अडवते, पण पीळ जातो कुठे? धातू आणि हाड जिथे जोडलेत तिथे. मग बसवलेला कृत्रिम सांधा सैल होतो. बंधच उरले नसतील तेव्हा आजही बिजागरी लागते, पण तिलाही बहुधा फिरण्याची सोय ठेवतात.

आता माझी चूक. ‘हुबेहूब’ हा शब्द मी वापरायला नको होता. नडगीचा माथा जवळपास सपाट, बाहेरच्या बाजूला तर थोडा फुगीरच. भार पसरवतात त्या मधल्या चकत्या. तोच माथा जसाच्या तसा पॉलिइथिलीन या प्लास्टिकमध्ये उतरवला तर मांडीच्या हाडाला बसवलेला धातू इवल्याशा जागेवर टेकेल, आणि चालताना तिथे शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येईल. प्लास्टिक टिकणार नाही. खोलगट केलं तर भार पसरतो, पण हालचाल जखडते. ऑक्सफर्डचे शल्यविशारद गुडफेलो आणि अभियंता ओकॉनर यांनी 1970 च्या दशकात यावर उपाय म्हणून सरकणारी प्लास्टिकची चकती शोधून काढली. गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणारे दोन क्रुसिएट बंध असतात; त्यातला मागचा काढून टाकला तर काही रचनांत प्लास्टिकचा खुंटा आणि धातूचा आडवा दांडा त्याचं काम करतात: गुडघा वाकला की मांडीचं हाड मागे ढकलायचं. दिसायला बंधासारखं काहीच नाही. तुमचं विमान ते हेच.

खरं तर तुम्ही 1974 चा न्यूयॉर्कचा ‘टोटल कॉन्डिलर’ हा कृत्रिम गुडघा पुढे केला असता तर मी अडचणीत आलो असतो. त्यात दोन्ही क्रुसिएट बंध कापून टाकत, तरी तो वर्षानुवर्षं उत्तम टिकला. फक्त बाजूचे बंध त्यांनी जपले होते, आणि तोही बिजागरी नव्हता.