मंडळीचे सभासद व्हा, पण बेताने

नोकरीतील बदलीमुळे बेळगावात नव्याने आलेल्या, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी खानापूर-निपाणीकडून शहरात बिऱ्हाड हलवलेल्या, आणि आता जवळच्या एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव घालावे असे मनात आणलेल्या सुज्ञ वाचकास सप्रेम जय ख्रिस्त. आपल्याला मंडळीत सहभागिता हवी आहे आणि आयुष्याला काही हेतू सापडला तर तोही हवा आहे, असे कळते. इच्छा स्तुत्य आहे, मात्र ती कोणाजवळ बोलून दाखवू नये. सहभागिता शोधत आलेला माणूस आम्हा जुन्या सभासदांना लांबूनच ओळखू येतो, कारण उपासना संपल्यावर तो दारात रेंगाळतो आणि ज्यांची त्याला काहीही गरज नाही अशा लोकांची विचारपूस करतो. अशा माणसावर आम्ही दोन-तीन रविवार नजर ठेवतो आणि मग त्याला सतरंज्या उचलायला सांगतो. एकदा सतरंजी हातात आली की ती जन्मभर सुटत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रश्न बसण्याचा आहे. देऊळ रिकामे दिसले म्हणून वाटेल त्या बाकावर बसू नये. प्रत्येक बाक कोणाच्या तरी आजोबांचा असतो, आणि ते आजोबा तीस वर्षांपूर्वी प्रभूजवळ गेले असले तरी बाक सोडून गेलेले नसतात. आपण चुकून तेथे बसलात तर कोणी काही बोलणार नाही. फक्त एक वयस्कर बाई बाकाच्या टोकाशी उभ्या राहतील आणि पहिल्या गीताची चारही कडवी आपल्याकडे पाहून म्हणतील. बायबलात याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्या मनुष्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायापाशी जागा देणाऱ्यांना खडसावले आहे, हे खरे. आमच्याकडे हा अध्याय वाचला जातो तेव्हा सगळे गंभीर होतात, आणि वाचणाराही वाचन आटोपून आपल्या ठरलेल्या पहिल्या बाकावर परत येतो. याकोबाच्या काळी बाकांवर देणगीदारांची नावे कोरण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे त्याला आमची अडचण कळणे कठीण होते.

नावांवरून आठवले. आयुष्याला हेतू हवा असेल तर पंखा द्यावा. पंख्याच्या पात्यांवर आपल्या वडिलांचे नाव, त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ’ आणि त्याखाली वडिलांच्या नावापेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत आपले नाव लाल रंगात रंगवून घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखे बंद असतात आणि प्रवचन चालू असते, त्या चार महिन्यांत आपले नाव सगळी मंडळी निदान चाळीस वेळा वाचते. उन्हाळ्यात पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते. म्हणून दूरदर्शी माणसे पंख्याबरोबर भिंतीतील संगमरवरी पाटीचीही तजवीज करून ठेवतात.

पंखा परवडत नसेल तर कापणीच्या सणापर्यंत थांबावे. त्या दिवशी शेतकरी सभासद शेताचे पहिले फळ म्हणून तांदळाची पिशवी, नारळ, केळीचा घड, ऊस, एखादा कोंबडा असे जे जे आणतात, त्याचा उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. येथे आपली खरी परीक्षा आहे. भोपळा बाजारात ज्या भावाने मिळतो त्या भावात घेणे हे विश्वासाच्या दुबळेपणाचे लक्षण समजले जाते. समोरच्या बाजूला कोण बोली लावतो आहे ते आधी पाहावे. तो मागच्या निवडणुकीत आपल्या मेव्हण्याविरुद्ध उभा राहिला असेल, तर भोपळा कोणत्याही किमतीला त्याच्या घरी जाऊ देऊ नये. एकदा एक भोपळा अशा रीतीने इतका वर गेला, की ज्याने तो शेतातून आणला होता तो बिचारा खानापूरकडचा म्हातारा आपण काही चूक तर केली नाही ना, अशा चेहऱ्याने खजिनदाराकडे पाहू लागला. त्या म्हाताऱ्याला परतीच्या बसचे भाडे कोणी विचारले नाही, पण भोपळ्याची किंमत मात्र पुढच्या रविवारी सूचनांमध्ये दोनदा वाचून दाखवण्यात आली.

आता भाषेकडे वळू, कारण सीमाभागात राहून भाषेवाचून सहभागिता साधता येईल असे ज्याला वाटते त्याने सरळ पुण्याला जावे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा सीमेचा दावा 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सकाळी साडेआठची उपासना मराठी असावी की कानडी, हा आमच्या मंडळीतला दावा त्याहून जुना आहे आणि तो ऐकायला कोणतेही न्यायालय तयार नाही. आपण मराठी असाल तर कानडी उपासनेला कधीही जाऊ नये. तेथे तीच गीते त्याच चालीवर म्हटली जातात आणि तोच प्रभू तशीच क्षमा करतो, हे पाहून मनाचा गोंधळ उडतो. दोन्ही बाजूंची मुले तर शब्बाथ शाळेत एकमेकांशी इंग्रजीत बोलून मोकळी होतात, पण त्यांना सभासदत्वाचे गांभीर्य अजून कळलेले नाही.

या विषयावर शास्त्राचा आधार हवा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय जपून वापरावा. जपून म्हणण्याचे कारण असे, की तो अध्याय वरवर आपल्या बाजूचा दिसतो, पण नीट वाचला की कोणाच्याच बाजूचा राहत नाही. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली, कारण रोजच्या अन्नवाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. म्हणजे मंडळीतले पहिले नोंदलेले गाऱ्हाणे भाषेच्या आडून आले आणि जेवणाच्या पंगतीतून आले, यात बेळगावकराला परके वाटावे असे काहीही नाही. परके वाटते ते पुढचे. त्यांनी उपसमिती नेमली नाही, दोन्हीकडचे समसमान प्रतिनिधी घेतले नाहीत, की कोणाची संख्या किती ते मोजले नाही. त्यांनी पंगतीत वाढण्यासाठी स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन असे सात जण निवडले, आणि या सातांची नावे पाहिली तर ती सगळीच्या सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात सगळा डाव दिला! इतका अव्यवहारी निर्णय आमच्या कमिटीत एका बैठकीतही टिकला नसता. आम्ही त्या अध्यायातून एवढाच बोध घेतला आहे, की सात हा आकडा कमिटीसाठी शुभ आहे आणि वाढण्याचे काम बायकांकडे सोपवणे सोयीचे आहे.

इतिहासाची आवड असलेल्या सभासदांपासूनही सावध राहावे. बेळगावच्या छावणीत लंडन मिशनचे काम 1820 साली सुरू झाले आणि 1904 साली ते मेथडिस्ट पंथाकडे आले, एवढे सांगून त्यांनी थांबावे अशी आपली अपेक्षा असते. पण असा एखादा गृहस्थ पुढे जाऊन मेथडिस्टांच्या मुळाशी हात घालतो. 1742 साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे होते, तेव्हा दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. गरिबांना तेही जमणार नाही, अशी शंका कोणी तरी काढली. तेव्हा एक जण म्हणाला, की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन. असे पुढारी बारा-बारा घरांत वर्गणीसाठी जाऊ लागले आणि तेथे कोण आजारी आहे, कोण दारू पितो, कोणाच्या घरात भांडण आहे हे त्यांना दिसू लागले. त्यातून मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली याचे वर्ग, म्हणजे सभासदांचे छोटे गट, उभे राहिले. वर्गणीतून सहभागिता निघाली, असे हे गृहस्थ डोळे पाणावून सांगतात. आम्ही अधिक प्रगती केली आहे. आमच्याकडे सहभागितेतून वर्गणी निघते, आणि ती खजिनदाराच्या फोनवर ऑनलाइन भरता येत असल्यामुळे कोणाच्या घरी जाण्याचा प्रसंगच येत नाही.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना व न झालेल्यांना सारखीच जागा दिली. त्यांची भजने आम्ही आवडीने म्हणतो. दरबाराची नोंदवही कोण ठेवत असे, मतदानाचा हक्क कोणाला होता, याची चौकशी मात्र व्हायला हवी होती.

शेवटी कमिटीत निवडून कसे यावे, हे सांगणे प्राप्त आहे. पाळकसाहेबांशी मैत्री करावी, पण बेताने, कारण वार्षिक सभेत बिशप त्यांची बदली करणार आणि पुढचे पाळकसाहेब आधीच्यांच्या मित्रांपासून दूर राहणार. त्यापेक्षा चहाच्या वेळी कोण कोणाशी बोलत नाही याची माहिती ठेवावी. ज्यांना घरी कोणी विचारत नाही त्यांना आठवड्यातून एकदा फोन करावा, पण तो निवडणुकीच्या आधीच्या महिन्यातच करावा. एरवी केला तर लोकांना सवय लागते.

मी स्वतः या मार्गाने तीस वर्षे चाललो आहे. माझ्या नावाचे दोन पंखे आहेत, एक बाक आहे, आणि दोनदा मी सेक्रेटरी होतो. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने मी अकरा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर माझ्यासाठी हात जोडलेली चित्रे पुष्कळ आली, ती मी पडल्या पडल्या मोजली. दुसऱ्या दिवसापासून एक माणूस रोज संध्याकाळी छत्री दाराशी उभी करून येऊ लागला. डब्यात पेज आणि लिंबाचे लोणचे असे. त्याने पाय चेपून दिले, एकदा रात्री रक्ताचा रिपोर्टही आणून दिला. चेहरा ओळखीचा होता. नाव काही केल्या आठवेना, आणि तीस वर्षांनी विचारायचे तरी कसे. शेवटी मी सेक्रेटरीच्या सवयीने विचारले, की आपल्याला कोणत्या कमिटीने पाठवले आहे. तो गोंधळला आणि म्हणाला, “नाही हो साहेब, मी सतरंज्या घालतो ना, तुमची जागा रविवारी रिकामी दिसली.” बरा झाल्यावर मी त्याच्या भेटींची नोंद इतिवृत्तात घ्यावी असा ठराव मांडला. कोणत्या उपसमितीच्या कामाखाली ती नोंद घालावी यावर बरीच चर्चा झाली, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.