बागेचं कॅलेंडर मंडपवाल्याच्या हाती नको

फल-पुष्प प्रदर्शन संपल्यावर चार दिवसांनी एखाद्या कॉलेजच्या नाहीतर सरकारी बागेत एक चक्कर मारून बघा. शेवंती-गुलाबाचे ते हत्ती आणि मोर सुकून कोपऱ्यात पडलेले असतात. फुलं खोचायला आणलेल्या हिरव्या फोमचा चुरा वाफ्यांत मिसळलेला असतो, आणि तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे प्लास्टिकच, कुजायचं नाव घेत नाही. ज्या झाडांसाठी बाग केली, त्यांच्या बुंध्याभोवतीची माती पायांनी रस्त्यासारखी घट्ट झालेली असते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात, हे स्टॉलची आखणी करणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला प्रदर्शनाचं वावडं नाही. बेळगावात लोक हौसेनं येतात, आजीला व्हीलचेअरवरून आणतात, पोरं फोटो काढतात. पण त्या गर्दीत बागेतलं एकही झाड कुणी बघत नाही. कुंड्या बाहेरच्या, फुलं टेम्पोतून उतरवलेली. हेच सगळं एखाद्या मंगल कार्यालयातही झालं असतं.

आता कुणीतरी बेंगळुरूच्या लालबागचं उदाहरण देणारच. द्या. लालबाग २४० एकरांची आहे. तिथल्या काचघराची पायाभरणी १८८९ सालची, आणि ते उभं राहिलं तेच मुळी अशा प्रदर्शनांसाठी. सरकारी फलोत्पादन खातं आणि म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी मिळून वर्षानुवर्षं ते काम करतात. आपल्याकडच्या कॉलेजच्या नाहीतर सरकारी बागा काही एकरांच्या, एक गेट, दोन नळ. तिथं लालबागची नक्कल करायची म्हणजे बागेवर मंडप घालायचा.

अशा कार्यक्रमांच्या बैठकांना मी बसलोय. मंडपवाला असतो, साऊंडवाला असतो, पाहुण्यांच्या शाली-हारांचं बघणारा असतो. माळी बाहेर पाईप धरून उभा. कुठलं झाड कधी फुलतं, कुठं पाणी साचतं, कुठल्या फांदीवर घरटं आहे, हे त्या एकट्याला ठाऊक, आणि त्यालाच कुणी विचारत नाही. (पाहुण्यांना दिलेलं रोप गाडीच्या डिकीत वाळतं, तो वेगळा विषय.)

५ जूनचंच घ्या. पर्यावरण दिन म्हणून वृक्षारोपण होतं, आणि मिरग निघतो दोन-तीन दिवसांनी. कोरड्या खड्ड्यात रोप लावून फोटो काढायचा. पुढच्या वर्षी खड्डा तोच, पाहुणा नवा. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पावसानं जमीन धरल्यावर. बागेनं ५ जूनला भाषणं करावीत हवी तर, रोपं आर्द्रात लावावीत.

माझं म्हणणं एवढंच, की वर्षाचा कार्यक्रम झाडांकडे आणि आपल्या सणांकडे बघून ठरवा. गणपतीच्या आदल्या रविवारी पत्रीची फेरी ठेवा. पूजेच्या यादीत एकवीस झाडांची पानं असतात: शमी, मरवा, माका, आघाडा, डोरली, हादगा, विष्णुक्रांता... बाजारात मिळते ती जुडी म्हणजे रस्त्याकडेचा जो हाताला लागेल तो पाला. यादीतला देवदार तर हिमालयातला, तो बेळगावात कुठून येणार! ही झाडं ओळीनं दाखवली, धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत हे पोरांना तिथंच बजावलं, तर तासाभरात एखादं घर जे शिकेल ते वर्गात शिकवून होत नाही. एकच नियम, पान तोडायचं नाही.

दसऱ्याआधी तसंच आपट्याचं. सोनं म्हणून बाजारात येतो त्यातला बराचसा कांचन असतो. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं नि पातळ. दोन्ही झाडं शेजारी असतील तर भाषणाची गरजच नाही. आणि आपल्याकडे तर आपट्याबरोबर बन्नीही, म्हणजे शमीची पानंही, देतात, म्हणून शमीपाशी कानडी घरं आणि मराठी घरं एकाच फेरीत उभी राहतील. वाट दाखवणाऱ्याला दोन्ही भाषा याव्यात, पाटीवर दोन्ही नावं असावीत. यावर वाद घालायचा असेल तर गेटच्या बाहेर घाला.

वटपौर्णिमेला फांद्या विकत घेण्यापेक्षा बागेतला जिवंत वड मोकळा ठेवावा, मुळांवर फळ्या टाकून. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा. एप्रिल-मेमध्ये करवंद आणि कोकम, जांबोटी-खानापूरकडची माणसं बोलवून, कारण त्यातलं खरं त्यांना कळतं. श्रावण-भाद्रपदात कंदीलपुष्पं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत ती जतन केली आहेत. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला केस असतात, छोटी माशी आत शिरते नि अडकते, केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. हे दहा हजारांच्या गर्दीला कसं दाखवणार? एका वेळी वीस माणसं, फार तर पंचवीस. पावसाळ्यात पायवाट सोडायची नाही, कारण ओली माती सगळ्यात आधी दबते.

"फुलं कुठं हाईत वो सर?" असं अशा फेरीत कुणीतरी विचारतंच. विचारू दे. त्याला पांगाऱ्याखाली उभं करून वर बघायला सांगायचं, पानं नसतात तेव्हा.

पैशाचं म्हणाल, तर मंडप, रोषणाई आणि पाहुणचार यांवर एका प्रदर्शनात जातं त्यातून दोन्ही भाषा येणारा वनस्पतिशास्त्राचा एखादा पोरगा किंवा पोरगी फेऱ्यांसाठी मानधनावर ठेवता येईल. तिकीट लावा, वीस-तीस रुपयांना लोक नाही म्हणत नाहीत, फक्त ते पैसे बागेच्याच खात्यात राहिले पाहिजेत. प्री-वेडिंगवाल्यांकडून मात्र दणकून घ्या. आणि आधी बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, कारण ते नसलेल्या बागेत सकाळच्या फेरीला निम्मं गाव येतच नाही.