काकू, वर आलेलं तेल ओतून टाकायचं नव्हतं

काकू, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुमच्या सुनेने अर्धा किलो दाण्यांचं पीनट बटर केलं, आठ दिवसांत वर बोटभर तेल आलं. खराब झालं असं समजून तुम्ही ते ओतून टाकलंत, तर खाली दगड उरला आणि सगळंच फेकावं लागलं. घरात प्लॅस्टिकचे डबे असताना मी काचेच्या बरणीचा हट्ट का धरते आणि ज्या घरात रोज ताजा कूट होतो तिथे हे खूळ हवंच कशाला, असंही तुम्ही विचारलंत.

दाणे वाया गेले याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यात निम्मी चूक माझी आहे. तेल वर येणार, हे मी लेखात लिहिलंच नव्हतं.

दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. कुटासाठी आपण मिक्सर लगेच थांबवतो, म्हणून ते कणांतच राहतं. पीनट बटरला तोच कूट आणखी पाच-सात मिनिटं फिरवायचा. आधी त्याचा गोळा होतो, भांडं हाताला गरम लागतं, मग एकदम गोळा सैल पडतो, चकाकतो आणि चमच्यावरून ओघळायला लागतो. तेव्हा तेल मोकळं झालेलं असतं. मोकळं तेल हलकं, ते बरणीत सावकाश वर येणार आणि जड कण तळाशी बसणार. तळाला मऊ ठेवणारं तेलच ओतलं गेलं, म्हणून दगड झाला. ते परत ढवळून घ्यायचं असतं.

अमेरिकेतल्या दुकानदारांनाही हा ताप होता. तिथे पूर्वी पीनट बटर मोठ्या पिंपांतून यायचं आणि ते लाकडी दांड्याने अधूनमधून ढवळत राहा, असं त्यांना सांगितलं जायचं. १९२०च्या दशकात जोसेफ रोझफिल्ड यांनी त्यातल्या थोड्या तेलाचं हायड्रोजनेशन करायची, म्हणजे ते वनस्पती तुपासारखं घट्ट करायची पद्धत काढली, तेव्हा कुठे तेल सुटायचं थांबलं. दुकानातली बरणी महिनोन्महिने एकसारखी दिसते ती अशा घट्ट केलेल्या तेलामुळे, नाहीतर पामतेलामुळे. घरी तसं दिसावं म्हणून मी काहीही घालायला सांगणार नाही.

आता बरणी. कारखान्यातून माल लांब पाठवायला हलकं, न फुटणारं प्लॅस्टिक सोयीचंच आहे. पण घरातले डबे आधी मसाल्याचे नाहीतर लोणच्याचे असतात. तो वास प्लॅस्टिकमधून जात नाही आणि दाण्याचं तेल तो ओढून घेतं. काच धुतली की स्वच्छ. झाकण मात्र आट्यांचंच हवं. जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ साली आट्यांच्या गळ्याच्या बरणीचं पेटंट घेतलं. ते फिरवून घट्ट बसणारं झाकण आपल्या फार उपयोगाचं, कारण बरणी पालथी ठेवता येते. पहिले दोन दिवस पालथी ठेवायची. तेल बुडाकडे चढतं, सरळ केली की परत सगळ्यातून वर यायला लागतं आणि ढवळायला जोर लागत नाही.

तोंड रुंद हवं, हात आत गेला पाहिजे. लेखातल्या फोटोत मी सॉसची उंच, अरुंद गळ्याची बाटली दाखवली होती. तिच्यात चमचा तळाला पोचतच नाही. तुमच्या सुनेने तीच बघून घेतली असेल तर तो दोष सर्वस्वी माझा.

आणि ओला चमचा अजिबात नको. पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतं, म्हणून जंतू त्यात वाढत नाहीत, पण टिकून राहू शकतात. अमेरिकेत २००८-०९ मध्ये दूषित पीनट बटरमुळे सातशेहून जास्त लोकांना साल्मोनेला या जंतूची बाधा झाली, नऊ जण दगावले. तेव्हा दाणे आतपर्यंत नीट भाजायचे, बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची आणि भरल्यावर अंधाऱ्या फडताळात ठेवायची. उजेडाने आणि उन्हाने तेल खवट होतं.

कुटाचं म्हणाल तर खिचडीला, कोशिंबिरीला कूटच हवा, तिथे मी तुमच्याच बाजूने. पण शाळेच्या डब्यातल्या पोळीवर कूट टिकत नाही, पोराच्या दप्तरात सांडतो. पीनट बटर पोळीला धरून राहतं.

सुनेला सांगा, पुढच्या वेळी पाव किलोचंच करा, पंधरा दिवसांत संपेल एवढं. तळाशी घट्ट थर उरलाच तर कोमट पाण्यात कालवून भरल्या वांग्याच्या रश्श्यात घाला. लेखातला फोटो आज बदलते आहे, तेलाबद्दलही लिहिते आहे.